पाइपावर पाइप फट न राहता बसवायचा, तर तोंड कसं कापायचं? (४० एनबीवर २५ एनबी, शेडचा ट्रस)

गच्चीवाला

गच्चीवर पत्र्याच्या शेडसाठी पाइपचे ट्रस (छत पेलणारे जाळीदार सांगाडे) करायचे आहेत. वरचं आणि खालचं मेंबर (लांब आडवे पाइप) ४० एनबी (नॉमिनल बोअर, पाइपाचं नावापुरतं माप), मधले उभे आणि तिरके २५ एनबी. सगळे काळे एमएस (माइल्ड स्टील) पाइप, मीडियम क्लास. वरच्या-खालच्या मेंबरचं अंतर मध्य ते मध्य ६०० मिमी. उभे काटकोनात, तिरके ४५ अंशांत. डिझाइन इंजिनिअरने दिलेलं आहे, त्यामुळे मापांवर चर्चा नको.

हाताशी ४ इंची ग्राइंडर, १४ इंची कटऑफ मशीन, बेंच ड्रिल आणि २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो टोकं चेपून वेल्ड मारू. दुसरा म्हणतो सरळ कापा, फट वेल्डने भरून निघते. दोघांचंही पटत नाही. २५ चं तोंड ४० च्या गोलाईवर नीट बसेल असं कापायची पद्धत मापांसकट हवी आहे.

कानसमास्तर

दुसऱ्या फॅब्रिकेटरचं आधी. ४० एनबीचा बाहेरचा व्यास ४८.३, २५ एनबीचा ३३.७ आणि मीडियम क्लासची जाडी ३.२, म्हणजे आतला व्यास २७.३. सरळ कापलेलं २५ चं तोंड ४० वर उभं केलं की ते दोनच जागी टेकतं. दोन्ही बाजूंना आतल्या कडेपाशी ४.२ आणि बाहेरच्या कडेपाशी जवळजवळ ६.९ मिमी फट राहते. ३.२ मिमीच्या भिंतीला ७ मिमीची फट भरायची म्हणजे थरावर थर. कड जळून मागे सरकते, फट आणखी वाढते, मध्ये स्लॅग (वेल्डचा मळ) अडकतो. वरून वेल्डचा मणी (थर) छान दिसतो आणि खाली धरलेलं असतं फक्त त्या दोन टेकलेल्या जागी.

चेपणं त्यापेक्षा बरं, पण ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून लांबीभर वेल्ड केलेल्या) पाइपाची शिवण नेमकी घडीवर आली तर तिथे तडा जातो. चेपलेला भाग एका दिशेने पट्टीसारखा लवतो आणि दाबातल्या ब्रेसिंगला (मधल्या उभ्या-तिरक्या तुकड्यांना) ते घातक. हलक्या मांडवाला चालून जातं. वारा खाणाऱ्या शेडच्या ट्रसला मी सुचवणार नाही.

आता मुद्द्याचं. कापलेल्या तोंडाला दोन खोलगट जागा येतात, त्यांना दरी म्हणू. दोन पुढे आलेली टोकं येतात, ते कान. दऱ्या मेन पाइपाच्या (४० च्या) लांबीच्या दिशेत असतात, कान मेनच्या दोन कुशींवर उतरतात. निम्म्या चुका इथेच होतात, तोंड बरोबर कापलेलं असतं आणि पाइप पाव फेरा फिरवून लावलेला असतो.

मिमी_मोजे

काटकोनासाठी आकडे देतो. मेनची बाहेरची त्रिज्या घ्या, २४.१५. ब्रेसिंगची आतली त्रिज्या घ्या, १३.६५. दरीपासून जितके अंश फिरलात त्याच्या साइनने आतल्या त्रिज्येला गुणा, वर्ग करा, मेनच्या त्रिज्येच्या वर्गातून वजा करा, वर्गमूळ काढा. ते २४.१५ मधून वजा केलं की त्या जागी तोंड दरीपेक्षा किती पुढे हवं ते मिळतं.

३० अंशांवर १.०, ६० वर ३.१, ९० वर म्हणजे कानाशी ४.२ मिमी.

कापताना उलटं मोजणं सोपं, पाइपाच्या सरळ कापलेल्या टोकापासून आत. दरीवर ४.२, मग ३.३, मग १.१, कानावर ०, पुन्हा १.१, ३.३, ४.२. हाच क्रम उरलेल्या अर्ध्या फेरीत पुन्हा.

कागदाची पट्टी पाइपाच्या परिघाएवढी लांब कापा. हिशोबाने १०५.९ येते, पण पट्टी पाइपाला गुंडाळून जिथे कड कडेला भेटते तिथेच कापा, कारण बाजारातल्या पाइपाचा व्यास छापील आकड्याला चिकटून नसतो. पट्टीचे बारा सारखे भाग करा (साधारण ८.८ मिमी), प्रत्येक रेघेवर वरचं माप खाली उतरवा, बिंदू हाताने गोलाईत जोडा. शक्यतो जाड कागद किंवा फायलीचं प्लास्टिक घ्या, म्हणजे एकच साचा सगळ्या तुकड्यांना पुरेल.

लोखंडी_चणे

एक शंका. पट्टी बाहेरून गुंडाळायची आणि खोली काढायची आतल्या त्रिज्येने? बाहेरची त्रिज्या १६.८५ घेतली तर कानाशी ६.९ येतं. नेटवर आयते साचे छापून देणारी पानं आहेत, त्यांतली काही बाहेरचाच व्यास विचारतात.

मिमी_मोजे

हो, आतल्याच त्रिज्येने. कानाच्या जागी मेनची भिंत बाहेरच्या बाजूला खाली उतरत जाते. ब्रेसिंगच्या भिंतीची आतली कड मेनच्या माथ्याकडे असते, म्हणून ती आधी टेकते. बाहेरच्या व्यासाने ६.९ चा कान कापला, तर आतली कड ४.२ वरच अडकणार. पाइप आतल्या कडांवर उभा राहतो आणि दरीच्या जागी पावणेतीन मिमी उजेड दिसतो. मग लोक दरी आणखी पुढे यावी म्हणून कान घासत बसतात आणि लांबी कमी होते.

आतल्या त्रिज्येने कापलं की आतली कड चहूकडून टेकते आणि बाहेर आपोआप उतार उघडा राहतो. तो उतार म्हणजे फुकटची बेव्हल (वेल्ड भरायला तिरकी कड). वेल्ड तिथेच भरायचा.

बाहेरच्या व्यासाचा साचा अगदी पातळ भिंतीला चालतो. १.६ मिमी, म्हणजे १६ गेजच्या पाइपाला फरक कमी पडतो. पण त्या पानांवर भिंतीची जाडी भरायचा रकाना असेल तर तो रिकामा ठेवू नका. आणि छापताना 'पानात बसवा' बंद करा, १०० टक्क्यांवरच छापा. छापल्यावर १०० मिमीची रेघ पट्टीने मोजून बघा. ९७ भरली तर तो कागद फेकायचा.

अर्धा_सूत

९० अंशांच्या सांध्याला एवढा कागद कशाला? कटऑफ मशीनवर दोन तिरके काप मारा, काम झालं.

वाइसची जीभ सरळ कापापासून १७ अंशांवर फिरवायची. पाइपाच्या बाहेरच्या अंगावर टोकापासून ५ मिमीवर खूण करून तिथून काप सुरू करायचा, तो टोकाच्या मध्यावर बाहेर पडला पाहिजे. मग पाइप अर्धा फेरा फिरवून दुसरा काप तसाच. टोकाला घराच्या आढ्यासारखा आकार येतो. आढ्याची दोन टोकं म्हणजे कान, उतारांच्या खालच्या जागा म्हणजे दऱ्या. आढ्यावर मिमीभर सपाट जागा राहू द्यायची. काप मध्यापलीकडे गेला की तुकडा आखूड होतो, आणि ते दोन्ही टोकांना झालं तर दुप्पट.

एका टोकाला मिनिटभर. साच्याने आखून ग्राइंडरने कापायला याच्या कितीतरी पट वेळ जातो.

मिमी_मोजे

२५ वर ४० च्या जोडीला हे बसतं, हिशोबही देतो. १७ अंशांचा सपाट काप दरी आणि कान दोन्हीकडे टेकतो. सगळ्यात जास्त फट दरीपासून ६० अंशांवर येते, ती १ मिमीच्या आतबाहेर. २.५ मिमीच्या वेल्डिंग रॉडला ती अडचण नाही.

पण हा उपाय सरसकट नेऊ नका. ४० वर ४० असेल तर कोन ३० अंश लागतो, खूण टोकापासून १४ मिमीवर, आणि ६० अंशांपाशी आतल्या कडेला २ मिमीची फट राहते. वर्कशॉपमध्ये सर्रास ऐकू येतं की सारख्या व्यासाला ४५ चे दोन काप मारायचे. भूमितीत ते अचूक आहे, पण भिंतीला जाडी नसेल तरच. ३.२ च्या भिंतीला ४५ चे काप मारले तर कानांची आतली कड अडते आणि पाइप जागेपासून १२ मिमी वर राहतो. मग आतून तासणं आलं. ३० चे काप मारून दरीजवळ थोडं घासलेलं परवडतं.

वाकडा_गुण्या

बेंच ड्रिल आहे म्हणताय तर होल सॉ (गोल भोक पाडणारी दातांची वाटी) का नाही? ४८ मिमीचा बायमेटल होल सॉ सहज मिळतो आणि मेन ४८.३ चा आहे. कापच मेनच्या आकाराचा पडतो, त्यामुळे आतली कड बाहेरची कड हा वाद मिटतो. भिंतीची पूर्ण जाडी टेकते.

अटी एवढ्याच. वेग कमी हवा, ४८ च्या सॉला लोखंडात मिनिटाला १८० फेऱ्यांच्या आसपास. बेंच ड्रिलचा पट्टा सगळ्यात खालच्या पुलीजोडीवर घ्या. तिथेही ४०० फेऱ्या असतील तर दातांची धार पहिल्या दोन-चार तोंडांतच जाईल. कटिंग ऑइल सतत. पाइप व्ही-ब्लॉकमध्ये किंवा वाइसमध्ये दोन्हीकडून आवळलेला, हाताने धरलेला नाही. दात दुसऱ्या भिंतीत शिरताना सॉ पाइपाला झटका देतो. हातातल्या ड्रिलने हे करायला जाऊ नका, मनगट जातं.

पायलट ड्रिलला (सॉच्या मध्यातल्या बारीक ड्रिलला) धरायला पाइप पाहिजे, म्हणून मध्यबिंदूच्या पुढे किमान १० मिमी पाइप शिल्लक ठेवा. मध्यापासून दरी २४ मिमीवर. म्हणजे प्रत्येक टोकाला ३५ मिमीपर्यंत वाया जातं. तुकडे पन्नास असतील तर शंभर टोकांचे साडेतीन मीटर झाले, पाइप आणताना धरून चला.

अर्धा_सूत

आणि ४५ च्या तिरक्यांना? होल सॉची आतली खोली ३८ मिमी असते. काटकोनात ३३.७ चा पाइप त्यात मावतो, ४५ ला कापाची लांबी ४७.७ होते. अर्ध्यात बूड टेकतं.

वाकडा_गुण्या

बरोबर. ४५ ला आधी कटऑफ मशीनवर ढोबळ तिरका काप मारून नको असलेला भाग काढला तर काही वेळा निभतं, नाहीतर थांबून आत अडकलेला तुकडा छिन्नीने पाडून पुन्हा सुरू. किंवा खोल सॉ घ्यायचा, तो महाग. उभ्यांना होल सॉ, तिरक्यांना कागद अशी विभागणी मला मान्य आहे.

गच्चीवाला

म्हणजे ९० चा प्रश्न मिटला, १७ अंशांचे दोन काप. ४५ चा साचा कोणी देईल का? आणि तुकड्याची लांबी कशी धरायची? फॅब्रिकेटर एकेक तुकडा जागेवर धरून खूण करतो.

मिमी_मोजे

जागेवर धरून खूण केली की प्रत्येक तुकडा वेगळा होतो आणि ट्रसला पोट येतं. लांबी हिशोबाने काढा.

उभा तुकडा: मध्य ते मध्य ६००, त्यातून मेनच्या दोन अर्ध्या जाड्या, म्हणजे ४८.३ वजा, ५५१.७. ही दरी ते दरी लांबी. दोन्ही कानांचे ४.२ मिळवले की कान ते कान ५६०.२. सरळ काप ५६० चा घ्या.

तिरका तुकडा: ६०० ला १.४१४२ ने गुणून ८४८.५, ही अक्षावरची लांबी. प्रत्येक टोकाचं सगळ्यात पुढचं टोक अक्षांच्या छेदबिंदूपासून २०.५ अलीकडे थांबतं. म्हणून टोक ते टोक ८०७.५.

४५ चा साचा, बारा भागांचा, पाइपाच्या टोकापासून आत मोजलेला: ०, ०.४, २.५, ७.७, १६.१, २६.१, ३०.५ आणि तिथून त्याच पायऱ्यांनी परत ० वर. शून्याची रेघ विशालकोनाच्या बाजूला, म्हणजे जिकडे ब्रेसिंग मेनपासून मागे कललेलं दिसतं तिकडे. ३०.५ ची रेघ लघुकोनाच्या कोपऱ्यात.

हे आकडे सगळे आतल्या त्रिज्येचे नाहीत. तिरक्या सांध्यात विशालकोनाकडे आतली कड आधी टेकते, पण लघुकोनाच्या कोपऱ्यात बाहेरची. प्रत्येक रेघेवर दोन्ही त्रिज्यांनी काढून जे आधी टेकतं ते घेतलं आहे. शेवटच्या दोन रेघा बाहेरच्या त्रिज्येच्या आहेत. नुसत्या आतल्या त्रिज्येने काढलं असतं तर ३०.५ च्या जागी २७.३ आलं असतं आणि कोपरा तीन मिमी अडला असता.

कानसमास्तर

यात एक खोडा आहे तो आधीच सांगतो. वरचं आणि खालचं मेंबर समांतर असताना तिरक्याच्या एका टोकाची शून्याची रेघ आणि दुसऱ्या टोकाची शून्याची रेघ समोरासमोरच्या अंगांवर येतात. दोन्ही एकाच अंगावर घेतल्या की तुकडा कौलाच्या तुकड्यासारखा एकीकडे आखूड होतो आणि भंगारात जातो. उभ्यांना उलट, दोन्ही टोकांच्या दऱ्या एकाच रेघेवर हव्यात.

ती रेघ मारायची कशी? २५×२५ चा सरळ अँगल पाइपावर पालथा ठेवा. त्याच्या दोन पाकळ्या पाइपाला लांबीभर टेकतात आणि अँगल आपोआप पाइपाला समांतर बसतो. त्याच्या कडेने सुईने रेघ ओढा, ती टोकापासून टोकापर्यंत पीळ न पडता सरळ जाते. साच्याची ० ची खूण या रेघेवर. समोरच्या अंगाची रेघ हवी तर परिघाचा निम्मा कागद दुमडून मोजा, ५३ मिमी. डोळ्याच्या अंदाजाने दोन टोकं जुळवली तर ५-६ अंशांचा पीळ राहतोच. तो वेल्ड करताना कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

ही रेघ पाइपाच्या शिवणीवर घेऊ नका. शिवण ट्रसच्या आडव्या अंगाला राहू दे.

आता ग्राइंडरने साच्याची गोलाई कापणं. १०० मिमीची नवी चकती एवढ्या लहान वळणात वळत नाही. जबरदस्ती केली की चकती चिमटते आणि फुटते. पाइपाच्या टोकापासून साच्याच्या रेघेपर्यंत ६-७ मिमी अंतराने सरळ चिरे पाडा, रेघेच्या मिमीभर अलीकडे थांबा. मधल्या पट्ट्या पक्कडीने वाकवून मोडा. उरलेलं ६० ग्रिटच्या फ्लॅप डिस्कने रेघेपर्यंत आणा, दरीतला शेवटचा हात अर्धगोल कानशीने. चिऱ्यांसाठी ७०-७५ मिमीपर्यंत झिजलेली चकती उलट सोयीची. गार्ड काढून मोठी चकती चढवायचा उद्योग करू नका.

तयार तोंड ४० च्या तुकड्यावर ठेवून मागून टॉर्च मारा. २.५ चा रॉड ज्या फटीत शिरतो तिथे अजून काम आहे.

सांधेजोड

कापणं मार्गी लागलं, पण ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट बघा. उभा आणि तिरका एकाच गाठीला (मेनवरच्या सांध्याच्या जागी) येतात का? तसं असेल आणि तिघांचे अक्ष एका बिंदूत मिळवायचे असतील, तर वरच्या साच्याने कापलेला तिरका तुकडा बसणारच नाही.

मेनच्या माथ्यावर उभ्याचा ठसा मध्यापासून दोन्हीकडे १६.९ मिमी पसरतो. ४५ च्या तिरक्याचा ठसा मध्यापासून ०.३ वर सुरू होऊन ४८ वर संपतो. म्हणजे तिरक्याची जवळजवळ १७ मिमी जीभ उभ्याच्या पोटात जाते.

मग रस्ते दोन. एक, तिरका बाजूला सरकवा. उभ्यापासून १० मिमी मोकळी जागा ठेवायची तर साडेसव्वीस मिमी सरकवावा लागतो, आणि ४५ असल्यामुळे अक्षांची भेटही तेवढीच, २६.५ मिमी मेनच्या मध्याच्या पलीकडे जाते. एरवी मेनच्या व्यासाच्या पाव भागापर्यंत, इथे १२ मिमीपर्यंत, असं सरकणं खपवून घेतात. २६ म्हणजे मेनवर वाकवणारा जोर येणार. तो इंजिनिअरला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

दोन, आधी उभा पूर्ण चहूकडून वेल्ड करा, मग तिरक्याला दुहेरी तोंड कापा, अर्धं मेनवर आणि जीभ उभ्यावर. उभ्यावरच्या भागाचा साचा वेगळा. दोन्ही २५ असल्यामुळे तिथे कान जास्त खोल येतात. उभा नुसता टॅक (ठिपक्यापुरता वेल्ड) करून वर तिरका चढवलात तर उभ्याचा तिरक्याखाली गेलेला वेल्ड कधीच होत नाही. ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण बाहेरून कळत नाही.

अर्धा_सूत

तिसरा रस्ता आहे. उभे काढून टाकायचे, नुसते तिरके ठेवायचे, वॉरन पद्धतीचा ट्रस.

सांधेजोड

ते सगळ्यात सोपं, पण इंजिनिअरने मान्य केलं पाहिजे, कारण वरच्या मेंबरच्या आधारांमधलं अंतर बदलतं आणि पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) गाठीवरच यायला हव्यात. मान्य झालं तर दोन तिरक्यांच्या ठशांमध्ये ०.६ मिमी उरतं, म्हणजे चिकटलेलेच. गाठींचं आडवं अंतर ६०० ऐवजी ६१० धरा. तुकडा तोच, ८०७.५ चा, साचाही तोच. प्रत्येक पाय ५ मिमी सरकतो आणि मध्ये १०.६ मोकळे मिळतात. दोन भिंतींच्या जाड्यांची बेरीज ६.४, मोकळी जागा किमान तेवढी हवीच. म्हणजे रॉड आत घालायला जागा होते. अक्ष ५ मिमीने चुकतात, ते १२ च्या आत आहे.

गच्चीवाला

ड्रॉइंगमध्ये उभे फक्त टेकूंच्या जागी आहेत, बाकी नुसते तिरके. गाठींचं अंतर ६०० लिहिलंय, ते ६१० करायला विचारतो. वेल्डचं सांगा. आणि पाइप काळा घेऊन नंतर रंग द्यायचा की जीआयच (जस्त चढवलेला) घ्यायचा? समुद्र जवळ आहे.

कानसमास्तर

आधी दुकानात पाइप तपासा. आयएस १२३९ च्या पाइपावर लाइटला पिवळा, मीडियमला निळा, हेवीला लाल पट्टा असतो. लाइट क्लासचा २५ एनबी २.६ मिमीचा असतो, तो आला तर आतली त्रिज्या बदलते आणि वरचे साचेही थोडे बदलतात. पट्ट्यावर विसंबू नका, कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावा.

वेल्ड: ६०१३ जातीचा २.५ मिमीचा रॉड, ७० ते ८५ अँपिअर. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो, मण्यात भोकं पडतात. प्रत्येक तोंडाला चार टॅक, पण अगदी दरीच्या किंवा कानाच्या टोकावर नाही, त्यांच्या मधल्या जागी. मणी सुरू आणि बंद करायची जागाही तीच. टोकांवर ताण जास्त येतो, तिथे क्रेटर (मणी थांबताना पडणारा खड्डा) नको.

सगळे तुकडे सपाट जमिनीवर मांडून दोन्ही टोकांना टॅक करा, कर्ण मोजा, वरच्या मेंबरला दोरी लावून पोट बघा. मगच पूर्ण वेल्ड. मधल्या गाठीपासून दोन्ही टोकांकडे, एक गाठ डावी एक उजवी, आणि एका गाठीवर चारही पाव भाग सलग मारू नका. एकाच बाजूने ओळीने वेल्ड करत गेलात तर ६ मीटरचा ट्रस केळ्यासारखा वाकतो.

लघुकोनाच्या कोपऱ्यात रॉड सरळ जात नाही. रॉड मेनकडे झुकवून, थोडा वेग कमी. ४५ पर्यंत जमतं, ३० अंशांच्या खाली तो कोपरा वेल्ड होतच नाही, नुसता झाकला जातो.

पाइपलाइन

जीआयबद्दल. आयता जीआय पाइप कापून वेल्ड करणार असाल तर प्रत्येक सांध्यापासून २५ ते ५० मिमीपर्यंत जस्त घासून काढावं लागतं, मेनवरचंही. नाही काढलं तर मणी भोकांचा आणि जस्ताचा पांढरा धूर छातीत. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो यानेच. दूध-गूळ खाल्ल्याने तो धूर थांबत नाही. उघड्यावर वाऱ्याच्या बाजूला उभं राहून काम करणं आणि योग्य मास्क हाच बचाव. आणि घासलेल्या सांध्यांवर झिंक असलेला प्रायमर लावला तरी समुद्राकाठी गंज तिथूनच सुरू होतो.

त्यापेक्षा काळ्या पाइपाचा ट्रस पूर्ण वेल्ड करून हॉट डिप गॅल्वनाइझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) द्या. पण एक अट जिवावरची आहे. तुम्ही तोंडं एवढी घट्ट बसवून चहूकडून वेल्ड केली की प्रत्येक २५ चा तुकडा बंद डबा होतो. जस्ताची टाकी ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि पाइप फुटतो, कामगाराच्या अंगावर जस्त उडतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांपाशी, सांध्याला लागून, १० मिमीचं भोक, आणि दोन भोकं समोरासमोरच्या अंगांवर. मेनची दोन्ही टोकं उघडी. भोकं कापतानाच मारा, वेल्ड झाल्यावर ड्रिल आत जात नाही. टाकीची लांबी किती आणि ट्रस एका बुडीत मावतो का, हे कापायच्या आधी विचारून घ्या.

लोखंडी_चणे

भोकं समुद्राच्या वाऱ्याला उघडीच ठेवायची का नंतर?

पाइपलाइन

जस्त आतूनही लागलेलं असतं, त्यामुळे खालच्या अंगाची भोकं उघडीच राहू द्या, पाणी साचणार नाही. वरच्या अंगाची भोकं रबरी बूच किंवा सीलंटने बंद. वेल्डने बंद करू नका, तिथलं जस्त जळेल.

गच्चीवाला

६१० ला इंजिनिअरचा होकार आला. टेकूंच्या जागी मात्र उभा आणि एक तिरका एकत्र येतात, तिथे दुहेरी तोंड लागणार. त्याचा साचा?

मिमी_मोजे

त्या चारच गाठी असतील तर साचा काढू नका. तिरका ८०७.५ चा नेहमीच्या ४५ च्या साच्याने कापा. उभा पूर्ण वेल्ड करून मणी त्या बाजूला घासून घ्या. मग तिरका त्याच्या अक्षाच्या रेघेवर धरून पुढे आणा. तो उभ्याला अडेल तिथे थांबा, पाइपाला ४५ चाच लाकडी ठोकळा टेकवून कोन पक्का करा. आता त्याला जागेवर यायला अजून किती पुढे जायचंय ते मेनवरच्या खुणेवरून मोजा. कंपासचे पाय तेवढे उघडा आणि एक पाय उभ्याच्या गोलाईवरून फिरवत दुसऱ्याने तिरक्यावर रेघ ओढा. कंपास सतत तिरक्याच्या लांबीला समांतर हवा, उभ्याला काटकोनात धरला की रेघ चुकते. रेघेच्या मिमीभर पुढेच कापा आणि फ्लॅप डिस्कने घासत घासत बसवा. मेनवरच्या तोंडाला मात्र या वेळी हात लावायचा नाही.

वाकडा_गुण्या

रेघ ओढायच्या आधी उभ्याला ओळंबा लावा. वेल्डने तो दोन-तीन मिमी ओढला गेलेला असतो, आणि मग तिरका त्या वाकड्या उभ्यावर अगदी फिट बसतो.